जुना एटीव्ही घेतला, कार्बोरेटर साफ केला, तरी पुन्हा बंद: आधी काय तपासायचं

पुण्यात सेकंडहँड एटीव्ही, म्हणजे कच्च्या जमिनीवर चालणारी जाड टायरची चारचाकी बाइक, घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. गाडी सेल्फला लगेच उठते, जागेवर उभी असताना छान चालते. शेतात किंवा ट्रॅकवर नेली की थोड्या वेळाने मिसिंग करायला लागते, चढावर दम सोडते आणि बंद पडते. मेकॅनिक कार्बोरेटर उतरवतो, साफ करून बसवतो, गाडी मस्त पळते. दोन-तीन आठवडे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग प्लग बदला, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) बदला, शेवटी नवा कार्बोरेटरच बसवा असा खर्च सुरू होतो आणि तो नवा कार्बोरेटरही काही दिवसांत तसाच तुंबतो.

पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा सोडला तर कार्बोरेटरमध्ये घाण तयार होत नाही, ती वरून येऊन तिथे अडकते. टाकी, झाकण, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी), पाइप, फिल्टर आणि हवेचा डबा हे सगळं जसंच्या तसं ठेवून फक्त कार्बोरेटर साफ केला तर तो पुन्हा तुंबणारच. त्यामुळे जुनी गाडी दारात आली की पहिली सर्व्हिस वरून खाली, क्रमाने करायची. खाली लिहिलंय ते मुख्यतः ११० ते २५० सीसीच्या, कार्बोरेटर असलेल्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडे जुन्या बाजारात त्याच जास्त फिरतात.

गाडी कुठून आली?

हा प्रश्न विकणाऱ्याला नक्की विचारा, कारण पुढचं अर्धं निदान त्यावरच होतं. मुळशी, पवना, लोणावळा भागातल्या रिसॉर्टमधून किंवा ॲडव्हेंचर पार्कमधून निघालेली गाडी असेल तर ती रोज, अनोळखी हातांनी, भरपूर चाललेली असते. तिचे बॉल जॉइंट, मागचा ॲक्सल, ब्रेक, क्लच झिजलेले असतात आणि एअर फिल्टर लाल धुळीने गच्च भरलेला असतो. पण तिच्यात पेट्रोल वाहतं राहिलेलं असतं. बंगल्याच्या आवारात मुलांसाठी घेऊन दोन पावसाळे ताडपत्रीखाली पडलेली गाडी दिसायला नवी असते, पण तिच्या टाकीत शिळं पेट्रोल, कार्बोरेटरमध्ये चिकटा आणि वायरिंगवर उंदरांचे दात असतात. पेट्रोलचा त्रास या दुसऱ्या प्रकारात जास्त. मला विचाराल तर दोन्हींत इंजिनाचा दाब (कॉम्प्रेशन) चांगला असेल तर बंगल्यातली गाडी घ्यावी. पेट्रोलचा मार्ग साफ करणं, झिजलेला ॲक्सल आणि पुढचं सगळं काम काढण्यापेक्षा स्वस्त पडतं.

चासी नंबर मूळ बिलाशी जुळतो का तेही त्याच वेळी बघून घ्या. आणि हे आधीच स्पष्ट असू द्या की नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ मध्ये ते स्पष्ट आहे. गाडी घरी टेम्पोतून आणायची आणि शेतावरही टेम्पोतूनच न्यायची.

स्टार्टरला हात लावण्याआधी

पहिली तपासणी अंगठ्याच्या थ्रॉटलची. हँडल पूर्ण डावीकडे, मग सरळ, मग पूर्ण उजवीकडे वळवून प्रत्येक वेळी थ्रॉटल दाबून सोडा. तो झटक्यात मागे आला पाहिजे. रेंगाळला, अर्ध्यात अडकला, तर केबल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पुढे इंजिन सुरू झाल्यावरही हीच तपासणी करा. हँडल वळवल्यावर रेस आपोआप वाढत असेल तर केबल चुकीच्या वाटेने ओढून बसवलेली आहे. लहान मुलांच्या गाडीत तर याबाबतीत जराही तडजोड नको.

मग ऑइलची काडी काढा, रंग बघा आणि वास घ्या. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. पातळी खुणेच्या वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर कार्बोरेटरची फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) नीट बसत नाही किंवा व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीने उघडणाऱ्या कॉकचा पडदा फाटलाय, आणि पेट्रोल थेट इंजिनात उतरतंय. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून उपयोग नाही, कारण नवं ऑइलही चार दिवसांत पातळ होईल. विकणारा "कालच बदललंय" म्हणाला तरी ऑइल बदलाच. अनेक चिनी इंजिनांत तळाचा मोठा बोल्ट उघडला की आतून स्प्रिंग आणि जाळी निघते. ती हरवू देऊ नका, रॉकेलमध्ये धुऊन तशीच बसवा. जाळीवर बारीक चकाकी असेल तर चालतं, हाताला लागणारे धातूचे तुकडे असतील तर थांबा आणि इंजिन उघडणाऱ्या माणसाला दाखवा. सेमी-ऑटोमॅटिक आणि गिअरच्या ११०-१२५ इंजिनांत क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो, म्हणून डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं बाइकचंच ऑइल घ्या. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. पहिलं ऑइल थोडंसं चालवून लवकर काढून टाका, कारण जुना गाळ त्याच्याबरोबर निघतो.

एअर फिल्टरच्या डब्याकडे लोक सर्वात कमी बघतात आणि इंजिनाचं आयुष्य मात्र तिथेच ठरतं. फोम बाहेर काढा. बोटात चुरगळून त्याचा भुगा होत असेल तर तो टाकून द्या, कारण तोच भुगा इंजिन आत ओढून घेतं. चांगला असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, फोमचं ऑइल लावून पिळून काढा. त्यानंतर फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर ती धूळ पिस्टनपर्यंत गेलेली आहे आणि दाबाची चाचणी करून घेणं भागच आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, प्लगच्या जागी गेज लावून सेल्फ मारायचा. आकडा १२० पीएसआयच्या वर असेल तर काळजी नाही. खूप कमी आला तरी लगेच घाबरू नका. काही इंजिनांत स्टार्टिंग सोपं व्हावं म्हणून डीकॉम्प्रेशनची, म्हणजे सेल्फ मारताना दाब थोडा सोडून देण्याची सोय असते, तिथे गेज कमीच दाखवतं. त्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

बाटलीतलं पेट्रोल काय सांगतं

आता मूळ दुखण्याकडे. कार्बोरेटर अजून उतरवू नका. त्याच्या खालच्या वाटीला एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. गाडी थंड असताना, मोकळ्या जागेत, जवळपास कुणी विडी-सिगारेट पेटवत नाही याची खात्री करून तो स्क्रू सैल करा आणि वाटीतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या. बाटली झाकण लावून रात्रभर हलू न देता ठेवा. सकाळी तळाशी जे बसलेलं असेल त्यावरून घाण कुठून येते ते कळतं.

तांबूस, जड कण असतील तर लोखंडी टाकीचा गंज. मऊ, काळे, बोटावर काजळीसारखे पसरणारे कण असतील तर पेट्रोलचा पाइप आतून विरघळतोय. बारीक तपकिरी माती असेल तर टाकीचं झाकण नीट बसत नाही किंवा कुणीतरी मातीच्या कॅनमधून पेट्रोल भरलंय. पांढरट भुकटी असेल तर वाटीत पाणी साचून ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय. आणि तळाशी वेगळाच एक थर दिसत असेल तर पेट्रोलमध्ये पाणी आहे.

हा थर हल्ली जास्त दिसतो, त्यामागे कारण आहे. २०२३ मध्ये ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ठरावीक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे झालं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाला बसतो, आणि कॉकचं तोंड नेमकं तळालाच असतं. ताम्हिणी, मुळशी, वेल्हे या पट्ट्यातला पावसाळा बघता अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी तिथे चार महिने उभी ठेवणं म्हणजे हा त्रास ओढवून घेणंच आहे. जुन्या, स्वस्तातल्या पाइपांचं रबरही या पेट्रोलने लवकर मऊ पडतं. भोरकडच्या एका शेतावरची १५० सीसीची गाडी वारंवार बंद पडायची. तिच्या बाटलीत नुसते काळे कण निघाले. वीतभर पाइप बदलला, कार्बोरेटर एकदा नीट साफ केला आणि ती तक्रार संपली. त्याआधी त्या मालकाने दोन कार्बोरेटर विकत घेतले होते.

टाकीपासून खाली

बहुतेक एटीव्हींच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, तिथे गंज नसतो पण गाळ असतो. टाकी उतरवा, पूर्ण रिकामी करा, टॉर्चने कोपरे बघा, थोड्या ताज्या पेट्रोलने हलवून दोन-तीनदा खळबळून काढा. लोखंडी टाकी गंजलेली असेल तर गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड विरघळवून रात्रभर भरून ठेवा, सकाळी ओतून द्या, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच पूर्ण वाळवा. ओली राहिली तर काही तासांत पुन्हा तांबूस थर चढतो. गंज इतका खोल असेल की पत्रा खरवडला जातोय, तर टाकी बदला.

कॉक काढून त्याची आतली जाळी बघा. ती फाटलेली असेल किंवा नसेलच, तर सगळा गाळ सरळ खाली येत राहणार. पाइप पेट्रोलसाठी बनवलेलाच घ्या, नव्या क्लिपांसह. मधे पारदर्शक फिल्टर बसवा म्हणजे पुढच्या वेळी घाण डोळ्याला दिसेल. टाकी उंचावर असल्याने पेट्रोल फक्त आपल्या वजनाने उतरतं, म्हणून इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीचा दाट फिल्टर इथे लावू नका, प्रवाह कमी पडतो.

हे सगळं जोडल्यावर एक चाचणी कराच. पाइपचं कार्बोरेटरकडचं टोक काढून बाटलीत सोडा, टाकीचं झाकण घट्ट लावा आणि कॉक उघडा. कॉक व्हॅक्यूमचा असेल तर त्याच्या व्हॅक्यूमच्या नळीला सिरिंजने हवा ओढावी लागेल. धार सलग पडली पाहिजे. सुरुवातीला चांगली पडून मिनिटा-दोन मिनिटांत बारीक होत गेली आणि झाकण उघडताच पुन्हा जोरात आली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. आत हवा जात नाही, म्हणून पेट्रोल उतरत नाही. "दहा मिनिटं चालते, बंद पडते, थोडं थांबलं की परत चालू होते" या तक्रारीमागे अनेकदा फक्त हे भोक असतं. मुलांच्या गाड्यांत झाकणाला एक छोटी नळी असते, ती दुमडलेली असली तरी हेच होतं.

कार्बोरेटर आता उतरवा

स्लो जेटचं (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या जेटचं) भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. त्यात तार घालून खुपसू नका, भोक मोठं होतं आणि मग आयडलिंग कधीच जागेवर येत नाही. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरेशी आहे. जेट उजेडाकडे धरा, आरपार स्वच्छ गोल दिसला पाहिजे. मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू काढण्याआधी तो आत घट्ट होईपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. त्याच्यामागे स्प्रिंग, वायसर आणि बारीक ओ-रिंग असते. ओ-रिंग बहुतेकदा आतच चिकटून राहते आणि साफसफाईत हरवते. रबराचा पडदा असलेल्या कार्बोरेटरमध्ये क्लीनर मारण्याआधी तो पडदा काढून बाजूला ठेवा, क्लीनरने तो फुगतो.

बसवताना कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी बूट वाकवून बघा. त्यावर भेगा असतील तर नवा घ्या. भेगांतून जास्तीची हवा आत जाते, गाडी तापते आणि थ्रॉटल सोडल्यावरही रेस खाली येत नाही. भेग दिसत नसेल पण शंका असेल तर इंजिन थंड असताना सुरू करून बुटावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. रेस बदलली की गळती तिथेच आहे.

"पुण्याच्या उंचीला जेट बदलावा लागतो" असं कुणी सांगितलं तर त्यासाठी पैसे घालवू नका. शहराची उंची सुमारे ५६० मीटर आहे, तेवढ्यासाठी मूळ जेट चालतो.

इंजेक्शनच्या गाडीत हा भाग नसतो. तिथे टाकीतला पंप, त्याची जाळी आणि बॅटरीचा दाब आधी बघायचा.

फक्त तापल्यावर बंद पडत असेल तर

पेट्रोलची धार चांगली आहे आणि तरीही गाडी गरम झाल्यावरच थांबते, तर बंद पडलेल्या जागेवरच प्लग काढून स्पार्क बघा. त्यासाठी सोबत प्लगचा पाना ठेवावा लागतो. प्लग कॅपमध्ये लावा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब ठेवा आणि सेल्फ मारा. स्पार्क नसेल आणि थंड झाल्यावर परत येत असेल तर इग्निशन कॉइल किंवा पिकअप कॉइल (स्पार्कची वेळ सांगणारी) गेली आहे. स्पार्क निळा, जोरदार असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेला बारीक गॅप, बघा. टॅपेट घट्ट झाले की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत आणि दाब पडतो. स्कूटरसारख्या १५० सीसी इंजिनांत थंड असताना गॅप साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असतो, तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. फिलर गेज स्वस्त आहे, पण कधी टॅपेट केले नसतील तर हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

सेल्फच लागत नसेल तर बॅटरीआधी ब्रेकचा स्विच, न्यूट्रल आणि लाल किल स्विच बघा. ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ न लागणाऱ्या गाड्या बऱ्याच आहेत. मुलांच्या गाडीला मागे दोरीची सेफ्टी पिन असते, ती निघालेली असेल तर गाडी उठत नाही. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन रेसवर असताना १४ च्या आसपास. तेवढं येत नसेल तर रेग्युलेटर किंवा मॅग्नेटो तपासावा लागेल.

हवा आणि चाकं

एटीव्हीच्या टायरमध्ये हवा फार कमी असते, बहुतेकांत ३ ते ५ पीएसआयच्या दरम्यान. नेमका आकडा टायरच्या बाजूवर किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. आपल्या पंक्चरच्या दुकानातली हवा बाइक आणि कारच्या हिशेबाची, तिथला गेज इतका कमी आकडा धड दाखवतही नाही. तिथे २५-३० भरून आणलेला एटीव्ही दगडावर चेंडूसारखा उडतो, वळणावर उलटायला बघतो आणि टायर फाटण्याचा धोका वेगळाच. ० ते १० किंवा १५ पर्यंतचा कमी दाबाचा गेज विकत घ्या आणि सायकलच्या पंपाने स्वतः हवा भरा. डाव्या-उजव्या टायरची हवा सारखीच ठेवा. एका बाजूला कमी असेल तर गाडी तिकडे ओढते आणि लोक विनाकारण स्टीअरिंग उघडतात.

चेनवाल्या बहुतेक गाड्यांत मागचा ॲक्सल अखंड असतो, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. म्हणून डांबरावर किंवा फरशीवर वळवताना ती जड वाटते. तो दोष नाही. पुढचं चाक जमिनीपासून उचलून वर-खाली धरून हलवा, खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. डावी-उजवीकडे हलवल्यावर आली तर टाय रॉडचं (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) टोक. मागच्या ॲक्सलच्या नटाला स्प्लिट पिन आहे की खिळा वाकवून घातलाय, हे पार्कच्या गाड्यांत हमखास बघा. ब्रेकचं तेल काळं असेल तर बदला, डॉट ३ की ४ ते ब्रेकच्या तेलाच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. पहिल्या फेरीनंतर चाकांचे सगळे नट पुन्हा आवळा.

पाइप, क्लिपा, फिल्टर, प्लग, बल्ब, चेन हे नाना पेठेतल्या बाइकच्या स्पेअरच्या दुकानांत मिळून जातं, फक्त जुना भाग सोबत न्या. रबरी बूट, टाय रॉड, ॲक्सलचे भाग मात्र मॉडेलप्रमाणे मागवावे लागतात, म्हणून गाडीचा करार करण्याआधीच ते कुठे मिळतात ते विचारून ठेवा.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर जूनच्या आधी लोखंडी टाकी काठोकाठ भरा, प्लॅस्टिकची असेल तर रिकामी केलेली बरी. कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, मग ड्रेन स्क्रूने वाटीतलं उरलेलं पेट्रोल काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या आणि एअर बॉक्सच्या तोंडात कापड कोंबलंत तर हँडलला तशी चिठ्ठी बांधा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये दुसरं कुणी गाडी काढायला आलं तरी कापडं आधी निघतील.